कोल्हा खड्ड्यात का पडतो

मंगळवार, १० जानेवारी

आज पुनर्वसनाच्या वॉर्डात टूवेशी भांडले. तिचा दोष नव्हता, पण समोर तीच होती.

टूवे स्टाफनकडून हाताचे व्यायाम करून घेते. स्टाफन माझा धाकटा भाऊ, वय चव्वेचाळीस. नोव्हेंबरात त्याला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणंही गेलं. समजतं सगळं. टूवे त्याच्यापुढे मातीचा गोळा ठेवते, लाकडी खुंट्या ठेवते, आणि तो भिंतीकडे बघत बसतो. ६ मार्चला नगरपालिकेची बाई येऊन ठरवणार. हात वापरायला लागलेला दिसला तर याच वॉर्डात आणखी बारा आठवडे, नाहीतर कायमचा वृद्धनिवासात, नव्वदीच्या म्हाताऱ्यांबरोबर बिंगो खेळत. मी टूवेला म्हटलं, शेंबड्या पोराला द्यावी तशी माती देता त्याला, मी असते तर तुमच्या तोंडावर फेकली असती.

"फेकली तरी चालेल मला," ती म्हणाली. "हात तरी हलेल."

मग तिने विचारलं, लहानपणी त्याला काय आवडायचं. मी म्हटलं, कोल्ह्याचा व्हिडिओ गेम. हिवाळ्यात दुपारी तीनला अंधार पडायचा, आणि आई कामावरून येईपर्यंत आम्ही दोघं टीव्हीपुढे. कोल्ह्याने ओंडके, खड्डे ओलांडत बर्फाच्या गुहेपर्यंत जायचं. स्टाफन डोळे मिटून जायचा. टूवे म्हणाली, आण की मग तो गेम, बैठकीच्या खोलीत भिंतीवर टीव्ही आहेच.

आण म्हणे. कुठून आणू? गेमचं यंत्र स्टाफनच्या घरी होतं, ते ओसाने, म्हणजे माझ्या भावजयीने, केळ्यांच्या खोक्यात घालून जुन्या बाजारात देऊन टाकलं. वर मलाच ऐकवते, गेमची कॅसेट तुझ्याकडे, नुसतं यंत्र ठेवून आम्ही काय पूजा करायची होती? कॅसेट माझ्याकडे आहे कारण घर सोडताना आमची तशीच वाटणी झाली. यंत्र त्याला, कॅसेट मला. म्हणून काय देऊन टाकायचं? आईच्या वेळीही या बाईने असंच केलं. आई गेली तरी मला कळवलं नाही. चार वर्षं मी त्या घराची पायरी चढले नाही ती उगीच नाही.

शनिवार, १४ जानेवारी

इंटरनेटवरून मागवलेला डबा आला. वर लिहिलंय, आत दहा हजार खेळ. त्यातले नऊ हजार तेच तेच आहेत, फक्त नावं बदललेली. आमचा कोल्हा त्यात आहे, पण हिरवा. आवाज सर्दी झाल्यासारखा. बटण दाबलं की कोल्हा आधी विचार करतो, मग उडी मारतो, आणि तोवर खड्डा आलेला असतो.

मी ट्रामच्या वर्कशॉपात इलेक्ट्रिशियन आहे, सव्वीस वर्षं. डबा उघडून पाहिला. आत नखाएवढं काहीतरी चिकटवलंय आणि बाकी हवा. वजन लागावं म्हणून लोखंडाची एक पट्टी घातलीय. त्या पट्टीने माझं डोकं फिरलं.

मंगळवार, २४ जानेवारी

वर्कशॉपातले म्हणाले, पत्त्याच्या कॅटएवढा छोटा संगणक मिळतो, त्यात जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम भरायचा. भरला. दोन संध्याकाळी गेल्या. घरी बरा चालला. वॉर्डात जोडला तर पुन्हा बटण आणि उडी यांत अंतर. आता दोष टीव्हीचा. हे नवे टीव्ही चित्र दाखवण्याआधी त्याला पावडर-लिपस्टिक लावत बसतात, त्यात वेळ जातो. ते बंद करायची सोय असते, पण त्यासाठी रिमोट लागतो. रिमोट कुलपात. किल्ली ज्याच्याकडे तो गुरुवारपर्यंत रजेवर. एका रिमोटसाठी मी तीन माणसांशी बोलले आणि तिघांनी मला समजून घेतलं. कुणी समजून घेतलं की मला फार राग येतो.

तरी खेळवलं. टूवेने स्टाफनची उजवी बोटं कंट्रोलरवर ठेवली. आणि अंगठा हलला. मी पाहिलं, टूवेने पाहिलं, ओसाने तोंडावर हात घेतला. कोल्हा पळाला आणि पहिल्याच खड्ड्यात पडला. चौदा वेळा पडला. पंधराव्या वेळी स्टाफनने डाव्या हाताने कंट्रोलर ढकलून दिला.

अंगठा हलतो. म्हणजे यंत्र चांगलं हवं, एवढंच. अडलंय ते यंत्रापाशी.

शनिवार, २८ जानेवारी

स्टेशनमागे लीनुस नावाच्या माणसाचं जुन्या व्हिडिओ गेमचं दुकान आहे. तळघरात. त्याने मला दीड तास सोडलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही निघवेना. त्याच्या मते तीन रस्ते आहेत. एक, माझ्या छोट्या संगणकासारखी नक्कल, स्वस्त, पण थोडी मागे राहणारी. दोन, खरं जुनं यंत्र आणि मध्ये नव्या टीव्हीसाठी चित्र धारदार करणारी डबी. ते उत्तम, पण तीस वर्षांपूर्वीचं यंत्र कधी मान टाकेल सांगता येत नाही. तीन, नवं यंत्र, ज्याच्या आतली चिप स्वतःला जुन्या यंत्राच्या चिपसारखं जुळवून घेते. त्यात माझी कॅसेट बसते, आणि वाट पाहणं जवळजवळ नाहीच. किंमत ऐकून मी खाली बसले. घेतलं तेच.

मग त्याने विचारलं, पन्नासवर लावू की साठवर? मला काही कळेना. तो म्हणाला, "पर्निला, आपल्याला फसवलं गेलंय." गेम जपानात बनले, तिथले टीव्ही सेकंदाला साठ चित्रं दाखवायचे, आपले पन्नास. इकडे पाठवताना बऱ्याच गेमवर कुणी मेहनत घेतली नाही. तसेच विकले. म्हणून युरोपात ते सहाव्या हिश्श्याने रेंगाळत चालायचे, वर आणि खाली काळ्या पट्ट्या घेऊन. सगळा गेम दबलेला, गाणीसुद्धा.

म्हणजे माझं आख्खं लहानपण यांनी मला शिळं वाढलं आणि मी ते ताजं समजून खाल्लं. तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, पन्नास कुणी मागतं का? तो हसला. शहाणा माणूस मागत नाही म्हणाला. साठवर लाव, मी म्हटलं. स्टाफनला या वेळी खरा माल मिळू दे.

शुक्रवार, ३ फेब्रुवारी

चित्र असं की कोल्ह्याच्या मिशा मोजाव्यात. रिमोट मिळाला, टीव्हीचा सगळा नट्टापट्टा बंद केला. बटण दाबलं की उडी, मध्ये काही नाही. काळ्या पट्ट्या गेल्या. मी दारात उभी राहून पाहत होते आणि मला वाटलं, झालं, जिंकलो.

स्टाफन पहिल्या खड्ड्यात पडला. पुन्हा पडला. नवव्या वेळी तो स्वच्छ म्हणाला, "च्यायला."

नोव्हेंबरपासूनचा पहिला शब्द. टूवेच्या डोळ्यांत पाणी आलं. शिव्या मेंदूत वेगळ्या कप्प्यात असतात म्हणे, त्या आधी परततात. पण त्यानंतर त्याने कंट्रोलर सोडला तो सोडलाच, आणि ओसाला मात्र मध्येच बोलायचं होतं. म्हणाली, "पर्निला, गाणं पळतंय गं. असं नव्हतं हे."

मी तिला सांगितलं की जे यंत्र तू केळ्याच्या खोक्यात टाकलंस त्याच्यावर ते चुकीचं वाजत होतं, हे बरोबर आहे. आणि तुला काय माहीत, तू कधी कंट्रोलर हातात धरलास? ती स्वेटरची बाही ओढत राहिली.

रविवार, १२ फेब्रुवारी

इंटरनेटवरच्या चर्चांमध्ये सगळे एकच सांगतात, जुने गेम जुन्या डब्बा टीव्हीवरच खरे. मग डब्बा टीव्ही शोधणं आलं. कचरा केंद्रावर तीन ठेवलेले होते, चांगले, काचेला ओरखडा नाही. मी एक उचलला तर पिवळ्या जाकिटातला माणूस धावत आला. फाटकाच्या आत आलेली वस्तू नगरपालिकेची, ती चिरडायची, न्यायची नाही. मी म्हटलं, चिरडायचीच आहे ना, मग मी नेली तर काय बिघडलं? तो म्हणाला, नियम. टाकणं पुण्य आणि उचलणं चोरी, असा हा देश.

शेवटी जाहिरातीतून एक फुकट मिळाला, चौथ्या मजल्यावरून उतरवायच्या अटीवर. चौतीस किलो. लहान मुलांना बर्फावरून ओढतात तसल्या घसरगाडीवर बांधला आणि ओढत वॉर्डात नेला. तिथे सांगितलं, बाहेरचं विजेचं उपकरण तपासणीच्या चिठ्ठीशिवाय लावता येत नाही. मी म्हटलं, मी तपासते, शहरातल्या निम्म्या ट्राम मी तपासलेल्या आहेत. तर तपासणारा माणूस वॉर्डाचाच हवा. मग चौतीस किलो पुन्हा ओढत माझ्या घरी. आता तो माझ्या बैठकीत बसलाय आणि मला जागा नाही.

गुरुवार, १६ फेब्रुवारी

टूवेचा फोन. स्टाफन आता कंट्रोलर दिसला तरी तोंड फिरवतो. मातीपेक्षा वाईट झालं. मातीकडे निदान बघायचा नाही एवढंच होतं. टूवे म्हणाली, जे आपल्याला येत होतं तेच आता जमत नाही, हे रोज दाखवलं की माणूस मिटतो. तिने मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

अठरा दिवस उरले.

संध्याकाळी लीनुसचं यंत्र त्या डब्बा टीव्हीला जोडलं आणि स्वतः खेळायला बसले. पहिल्या खड्ड्यात पडले. अकरा वेळा. मी, जी एकीकडे वाडग्यातलं दही खात खेळायची. माझे दोन्ही हात शाबूत आहेत. वय झालं, दुसरं काय. सत्तेचाळीस.

रविवार, १९ फेब्रुवारी

सकाळी ओसाचा फोन आला. उचलला नाही. दुसऱ्यांदा आला. फोन टेबलावर थरथरत पुढे सरकत होता आणि मी बघत बसले.

आता लिहिते, इथे तरी खोटं कशाला. आई गेली त्या दिवशीही फोन असाच आला होता. तीन वेळा. त्याआधी आठवडाभर आईवरून माझं आणि स्टाफनचं वाजलं होतं, आणि मला वाटलं, ओसा त्याची बाजू घेऊन बोलायला लागेल. म्हणून उचलला नाही. कळवलं नाही असं मी सगळ्यांना सांगते. कळवायला फोन केलेला तो तोच होता. वर्कशॉपात सांगितलंय, मावशीला सांगितलंय, दहा जानेवारीला या वहीतही तेच लिहिलंय.

तिसऱ्यांदा आला तेव्हा उचलला.

ओसा धापा टाकत बोलत होती, मी ठेवून देईन म्हणून. तिला ठाऊकच होतं म्हणाली, ते गाणं तसं नव्हतं. ती आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर वाढली. तिचा पलंग आमच्या टीव्हीच्या बरोबर खाली. सहा हिवाळे ती गृहपाठ करायची आणि वरून ते गाणं यायचं. म्हणाली, "मी म्हणून दाखवते. तू तिकडे लाव."

मी लावलं. तिने फोनमध्ये गुणगुणायला सुरुवात केली, भसाड्या आवाजात, लाजत. गाण्याचं कडवं यंत्रात संपलं आणि दुसरं सुरू झालं, तरी ओसा पहिल्याच कडव्यात होती. पुन्हा केलं. पुन्हा तेच. ओसाला सूर नाही, पण लय तिची खरी होती. माझ्या अंगठ्याला ती ओळखीची वाटली.

यंत्रात शिरून साठचं पन्नास केलं. पडद्यावर वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या. कोल्हा सावकाश धावायला लागला, थोडा पाय ओढत. मी न बघता बटण दाबलं आणि तो खड्ड्यापलीकडे होता.

खरा माल द्यायचा म्हणून मी भावाला परक्याचा गेम दिला. त्याच्या अंगठ्यात तीस वर्षं जे साठवलेलं होतं तेच चुकीचं ठरवून टाकलं, आणि तेही पंधरा दिवस, सगळ्यांसमोर. फसवलं म्हणून जपान्यांवर चिडले, लीनुसवर चिडणार होते. ओसाने तीन तारखेलाच सांगितलं होतं. फोनवर तिला म्हटलं, तुझं बरोबर होतं. ती म्हणाली, "हं." पुढे काही नाही. तिच्या जागी मी असते तर दहा वाक्यं ऐकवली असती.

मंगळवार, २१ फेब्रुवारी

आज सगळ्या वॉर्डाला साय भरलेले गोड पाव, चर्चचा लांब उपास सुरू होण्यापूर्वीचा मंगळवार म्हणून. स्टाफनच्या नाकाला साय लागली होती. कंट्रोलर दिसताच त्याने मान फिरवली. मी नुसतं गाणं लावलं. पन्नासवर.

मान हळूहळू परत वळली. काळ्या पट्ट्यांकडे त्याने बराच वेळ पाहिलं. मग डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि स्वतःच कंट्रोलरवर ठेवला. टूवे जागची हलली नाही. पहिला खड्डा गेला. ओंडका गेला. दुसऱ्या खड्ड्यात पडला, शिवी घातली, पुन्हा सुरू केलं. पाऊण तास. बोटं थरथरायला लागली तरी सोडेना, शेवटी टूवेनेच थांबवलं.

लीनुसला जाऊन सांगितलं. म्हणाला, दुकान काढल्यापासून पन्नास मागणारी तू पहिली. मी म्हटलं, शहाणी माणसंच येतात ना तुझ्याकडे.

सोमवार, २७ फेब्रुवारी

रोज खेळतो. बर्फाच्या गुहेत पोचला. शब्द येतात, एकेक, बहुतेक वाईट. टूवेने त्याच बोटांनी खुंट्याही उचलायला लावल्या, त्या तो शिव्या देत उचलतो.

पण खेळून झालं की कंट्रोलर ओसाच्या हातात देतो. मी शेजारी बसलेली असते तरी. ओसाला तर कोल्हा डावीकडे कसा वळवायचा तेही कळत नाही. यंत्र मी आणलं, जोडलं, चौतीस किलो मी ओढले. आणि माझ्याकडे तो बघतसुद्धा नाही. आज सरळ विचारलं, माझ्यावर रागावलायस का. त्याने टीव्हीकडे बघत बटण दाबलं.

सोमवार, ६ मार्च

नगरपालिकेची बाई आली. गुन्नेल. जाड चष्मा, दाराशी बूट काढून लोकरी मोज्यांवर आत आली. मी भांडायच्या तयारीने गेले होते, कागद वगैरे घेऊन. तिने कागद बाजूला ठेवले आणि स्टाफनशेजारी बसून खेळ पाहिला. तो गुहेपर्यंत गेला. खुंट्या उचलल्या, आठ. तिने विचारलं, तुला काय हवंय?

"इथे," स्टाफन म्हणाला. मग बराच वेळ लावून, "राहतो."

गुन्नेलने लिहिलं. बारा आठवडे देते म्हणाली. मी कागद पिशवीत घालायला लागले, पण ती पुढे बोलत होती. या बारा आठवड्यांत घरचं एक माणूस रोज व्यायामाला बरोबर असावं लागतं. कोण? मी तोंड उघडलं होतं. वर्कशॉपातून सुट्टीचं आधीच बोलून ठेवलंय.

"ओसा," तो म्हणाला.

मी म्हटलं, ओसाला नोकरी आहे, मी येऊ शकते. तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं, चार वर्षांनी पहिल्यांदा असं सरळ.

"आई," तो म्हणाला. शब्द शोधत होता, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. "बोलावत होती. तुला. नाही आलीस."

मी म्हटलं, फोन वाजत होता, मी उचलला नाही. सगळ्यांना खोटं सांगितलं. ओसाने खिडकीकडे तोंड केलं.

"जा," स्टाफन म्हणाला, आणि उजवा हात उचलला. डाव्याचा आधार न घेता. मांडीवरून वर, खांद्याच्या उंचीपर्यंत, आणि दाराकडे बोट केलं. हात लटलट कापत होता पण त्याने खाली घेतला नाही. "जा."

एवढा वर तो हात आजवर गेला नव्हता. टूवे खुर्चीतून अर्धी उठली होती. गुन्नेलने चष्मा वर केला, पाहिलं, आणि तेही लिहून घेतलं.

मी गेले. जिन्यात भिंतीला टेकून रडले, आणि इतका राग आला होता की कुणावर काढावा तेच कळेना. सगळी माणसं बरोबर होती. पहिली ट्राम सोडली, दुसरी सोडली. मग वाटलं, शब्द किती झाले त्याचे? आई, बोलावत होती, तुला, नाही आलीस, जा, जा. कोल्ह्याने महिनाभरात काढले नसतील तेवढे मी एका मिनिटात काढले.

उद्या कामावरून सुटले की पुन्हा जाणार आहे. तो हाकलून देईल. देऊ दे. हाकलायला तोंड चालवावं लागतं, आणि दार दाखवायला हात उचलावा लागतो. परवाही जाईन.